शिकलेल्या मुलीचा देव

१९०८ साली कोल्हापुरातल्या एका मासिकावर राजद्रोहाचा खटला झाला. मासिकाचं नाव 'विश्ववृत्त'. प्रा. विष्णु गोविंद विजापूरकरांच्या पुढाकाराने ते निघत असे. खटल्याचं निमित्त झालेला लेख श्रीपाद दामोदर सातवळेकरांचा होता आणि त्याचा विषय होता वैदिक प्रार्थनांमधली तेजस्विता. देवाकडे दुबळेपणाने रडगाणं न गाता सामर्थ्य मागावं, असा त्याचा सूर. प्रार्थना कशी करावी हे सांगणारं लेखन सरकारला बंडाची चिथावणी वाटलं. शिक्षा झालेल्यांत विजापूरकर होते आणि त्यांच्या समर्थ विद्यालयातले एक तरुण शिक्षकही होते. त्या शिक्षकाचं वय सव्वीस, शिक्षण तत्त्वज्ञान घेऊन एम. ए., आणि वाट्याला आली तीन वर्षांची सक्तमजुरी. त्यांचं नाव वामन मल्हार जोशी.

हेच वामन मल्हार पुढे मराठीत शिकलेल्या मुलींचे पहिले मोठे कादंबरीकार झाले. त्यांच्या नायिका पुस्तकं वाचतात, मैत्रिणींशी कडाडून वाद घालतात, पत्रांतून एकमेकींचे मुद्दे खोडून काढतात. आणि देव आहे का, असला तर कसा आहे, आपला त्याच्याशी संबंध काय, असं उघडपणे विचारतात. मुलीने शिकावं की नाही हा वाद मराठीत एकोणिसाव्या शतकातच पेटला होता. शिकल्यावर तिच्या श्रद्धेचं काय होतं, ती बदलण्याचा अधिकार तिला आहे का, हा प्रश्न मात्र वामन मल्हारांनी कादंबरीच्या मधोमध आणून ठेवला. तो आजही सुटलेला नाही, म्हणून त्या कादंबऱ्यांकडे पुन्हा वळायला हवं.

वामन मल्हारांचा जन्म १८८२ चा, कुलाबा जिल्ह्यातल्या तळे गावचा. तुरुंगातून सुटल्यावर काही वर्षांनी ते हिंगण्याला धोंडो केशव कर्व्यांच्या संस्थेत शिकवायला गेले. कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू केलं होतं आणि तिथे उच्च शिक्षणाचं माध्यम मातृभाषा होतं. या एका निर्णयाचा परिणाम फार दूरवर गेला. प्लेटो, कांट, सुख म्हणजे काय, कर्तव्य म्हणजे काय, हे सगळं वर्गातल्या मुलींपुढे मराठीत मांडायचं होतं. सॉक्रेटिसाचे संवाद मराठीत आणणारे आणि १९१९ मध्ये 'नीतिशास्त्रप्रवेश' लिहिणारे वामन मल्हार त्या कामाला जणू नेमून दिलेले होते.

'रागिणी' मात्र त्याआधीची. ती 'मनोरंजन' मासिकातून क्रमशः आली आणि मग पुस्तकरूपाने निघाली. रागिणी आणि उत्तरा या दोन मैत्रिणींच्या तोंडून वाचकांनी स्त्रीपुरुषांच्या बरोबरीचा वाद ऐकला. त्यातली उत्तरा स्त्रियांच्या हक्कांची बाजू हिरिरीने लढवणारी. मग 'आश्रमहरिणी', 'नलिनी' आणि १९३० मध्ये 'सुशीलेचा देव' आली. १९३४ ची 'इंदू काळे व सरला भोळे' तर सगळी पत्रांतूनच उलगडते. कला मोठी की नीती, प्रेम आणि लग्न यांचं नातं काय, असे प्रश्न तिच्यातली माणसं एकमेकांना लिहून विचारतात. कादंबरी थांबवून चर्चा चालते, अशी तक्रार या पुस्तकांबद्दल पूर्वीपासून होत आली आहे. ती खोटी नाही. पण ज्या समाजात मुलीच्या बोलण्यालाच 'तोंड वर करून बोलणं' म्हणत, तिथे दोन मुली पानंच्या पानं तत्त्वज्ञानावर बोलत बसतात, हीच त्या काळातली मोठी घटना होती.

मुलींच्या कॉलेजची कथा जगात इतरत्रही लिहिली जात होती. अमेरिकेत व्हॅसर हे तेव्हा मुलींचं नावाजलेलं कॉलेज होतं. तिथेच शिकलेल्या हेलन डॉज ब्राउन यांनी १८८६ मध्ये दोन कॉलेजकन्यकांवर कादंबरी लिहिली. त्या प्रकारातल्या अगदी सुरुवातीच्या कादंबऱ्यांपैकी ती एक. त्याच कॉलेजच्या जीन वेबस्टर यांची 'डॅडी-लाँग-लेग्ज' १९१२ ची. तिची नायिका जूडी अनाथाश्रमात वाढलेली आहे. सुट्टीत ती एका शेतावर राहते. तिथल्या कुटुंबाचा देव पूर्वजांकडून जसाच्या तसा वारशाने आलेला, कडक आणि संकुचित असा तिला दिसतो. तेव्हा जूडी पत्रात लिहिते की आपल्याला देव कुणाकडून वारशाने मिळालेला नाही हे बरंच झालं, आपण आपला देव आपल्याला हवा तसा घडवू शकतो. दयाळू, क्षमा करणारा, समजून घेणारा देव तिला हवा आहे.

जूडीला ही मुभा मिळते ती अनाथ असल्यामुळे. तिच्यामागे घर नाही, म्हणून देव्हाराही नाही. मराठी मुलीचं तसं नव्हतं. तिच्यामागे माहेरचं कुलदैवत होतं, पुढे सासरचं कुलदैवत येणार होतं, आणि मधल्या काळात तिने कुणाला भजावं हे ठरवणारी मोठी माणसं घरभर होती. तिला देव निवडायचा तर आधी कुणाचा तरी देव बाजूला सारावा लागणार. प्रश्न इथेच अवघड होतो.

शिवाय त्या प्रश्नाला एक ताजी जखम होती. पंडिता रमाबाई संस्कृत शास्त्रांत पारंगत. 'स्त्रीधर्मनीति' लिहिणाऱ्या या विदुषीने १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला आणलं. तिथल्या काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, त्यांचा कल ख्रिस्ती धर्माकडे होतो आहे, असं म्हणत १८९३ च्या सुमारास पुण्यात मोठं काहूर उठलं. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. याच शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ मध्ये तिच्याशी पुनर्विवाह केला तो कर्व्यांनी. त्यांची संस्था उभी राहिली ती हे सारं पाहिलेल्या समाजात. मुलगी शिकली की धर्म सोडते, ही भीती दारात उभीच होती. सुधारकांनाही पालकांना सांगावं लागे की आमच्याकडे शिकून तुमची मुलगी आहे तशीच राहील, फक्त अधिक चांगली गृहिणी होईल.

वामन मल्हार हे आश्वासन देत नाहीत. त्यांच्या कादंबऱ्यांचं धैर्य इथे आहे. 'सुशीलेचा देव'मधली सुशीला शिकते, जगते, दुःख भोगते आणि तिचा देव बदलत जातो. बालपणीच्या भाबड्या कल्पनेतला देव मोठेपणी तिला पुरेसा वाटत नाही. प्रश्न वाढतात तशी देवाची कल्पना ताणली जाते, मोडते, पुन्हा जुळते आणि शेवटी ती पूजेतल्या मूर्तीपेक्षा जीवनातल्या ध्येयाच्या, मूल्यांच्या जवळ येऊन पोचते. तिचा देव बदलतो म्हणून लेखक तिला शिक्षा करत नाही. ती बिघडली असं म्हणत नाही आणि तिला पश्चात्तापही करायला लावत नाही. बदलणारा देव हे तिच्या वाढीचं लक्षण म्हणून तो मांडतो.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला आक्षेप श्रद्धावंताचा. देव जर खरोखर असेल तर तो आहे तसा आहे. मुलीच्या वयाप्रमाणे, वाचनाप्रमाणे, दुःखाप्रमाणे तो कसा बदलेल? आणि तो बदलत असेल तर ती देवाबद्दल बोलतच नाही, स्वतःच्या मनाबद्दल बोलते आहे. यावर भक्तिपरंपरेकडेच एक उत्तर आहे. देव एक असला तरी तो ज्याला जसा भावतो तसा भेटतो, हे मराठी संतांनी शतकानुशतकं सांगितलं आहे. बदलते ती आपली ओळख. लहानपणी आईला आपण जसं ओळखतो तसं चाळिशीत ओळखत नाही, म्हणून पहिली ओळख खोटी ठरत नाही आणि आईही बदललेली नसते. सुशीलेच्या श्रद्धेतले टप्पे याच अर्थाने वाचता येतात.

दुसरा आक्षेप नास्तिकाचा आणि तो अधिक टोकदार आहे. शेवटी ध्येय, सत्य, न्याय, करुणा एवढंच उरणार असेल तर त्याला देव कशाला म्हणायचं? तो शब्द सोडून का देऊ नये? वामन मल्हारांना हा आक्षेप ठाऊक होता. ते स्वतः बुद्धिवादाच्या जवळचे, कुठल्याही बाजूवर झटकन शिक्का न मारणारे. पण ध्येयासाठी माणूस झिजतो, त्यापुढे नम्र होतो, ते आपल्यापेक्षा मोठं आहे असं मानतो, ही वृत्ती धर्माचीच आहे. ती वृत्ती जपायची आणि तिच्यावरची भीती, लालूच, कर्मकांड यांची पुटं काढायची, असा त्यांचा प्रयत्न दिसतो. नास्तिकाला यात अर्धवटपणा दिसेल. तरीही एका विद्यार्थिनीला हा मार्ग मोकळा ठेवणं योग्यच होतं. श्रद्धा सोडायची असेल तर तिने सोडावी, ठेवायची असेल तर ठेवावी. दोन्हींआधी तपासण्याचा अवसर मात्र तिला मिळायला हवा.

हा अवसर केवळ कॉलेजने दिला असं मानणंही चूक ठरेल. कोल्हापूरनेच याचं एक जुनं उदाहरण जपलं आहे. संत बहिणाबाईंचा जन्म १६२८ चा, वेरूळजवळच्या देवगावचा. अगदी लहानपणी वयाने कितीतरी मोठ्या बिजवराशी तिचं लग्न झालं. घरावर आलेल्या अडचणींमुळे कुटुंब गाव सोडून निघालं आणि फिरत फिरत कोल्हापूरला येऊन राहिलं. ती तेव्हा अकरा वर्षांच्या आसपासची. कोल्हापुरात जयरामस्वामींची कीर्तनं चालत, तुकोबांचे अभंग कानावर पडत. घरी एक वासरू होतं, त्याचा तिला विलक्षण लळा. ते वासरू गेलं, मुलगी बेशुद्ध पडली आणि त्या अवस्थेत तुकोबांनी आपल्याला उपदेश केला असं तिने पुढे आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत सांगितलं.

ब्राह्मणाच्या बायकोने शूद्र मानलेल्या जातीतला गुरू मनाने निवडला होता. वेदपाठी नवऱ्याला ते सहन झालं नाही, त्याने तिला मारहाण केली. वेद आणि मंत्र बाईला बंद आहेत, मग परमार्थ साधायचा कसा, असा प्रश्न बहिणाबाईंनी अभंगांतून विचारला. ब्राह्मण कुणाला म्हणावं याची झडती घेणाऱ्या 'वज्रसूची' या संस्कृत ग्रंथाचा आशयही त्यांनी मराठीत आणला. त्याच बहिणाबाईंनी पतिसेवा हा आपला धर्म असंही म्हटलं. बंड आणि शरणागती त्यांच्यात शेजारी शेजारी आहेत. आजच्या वाचकाला हे खटकेल, पण खऱ्या माणसाची श्रद्धा अशीच गुंतागुंतीची असते. घराने नेमून दिलेल्या देवाच्या वाटेपेक्षा वेगळी वाट एका मुलीने कोल्हापुरात तीनशे ऐंशी वर्षांपूर्वी निवडली होती, हे यातून स्पष्ट होतं. शिक्षणाने मुली धर्मापासून दूर जातात असं म्हणणाऱ्यांनी आधी बहिणाबाईंचं चरित्र वाचावं.

वामन मल्हार हिंगण्यात लिहीत होते त्याच काळात कोल्हापुरात कॉलेजजीवनाची दुसरी एक कादंबरी बहरत होती. १८८० मध्ये स्थापन झालेल्या राजाराम कॉलेजात ना. सी. फडके १९२६ पासून दोन दशकांहून अधिक काळ शिकवत होते. त्यांचाही विषय तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान. 'जादूगार', 'दौलत' अशा कादंबऱ्यांनी त्यांनी तरुण वाचकांना वेड लावलं. फडक्यांच्या नायिका शिकलेल्या, देखण्या, मनाजोगता जोडीदार निवडू पाहणाऱ्या. प्रेमाचं स्वातंत्र्य त्यांनी मोकळेपणाने लोकप्रिय केलं, ही त्यांची मोठी कामगिरी. कलेने आनंद द्यावा, उपदेशाचं ओझं वाहू नये, ही त्यांची भूमिका. १९३८ मध्ये वि. स. खांडेकरही कोल्हापूरला आले. कला जीवनासाठी म्हणणारे खांडेकर आणि कलेसाठी कला म्हणणारे फडके एकाच गावात राहत होते आणि मराठी साहित्यातला तो गाजलेला वाद या गावाच्या ओळखीचा भाग झाला.

या वादात एक गोष्ट मागे पडली. फडक्यांच्या नायिकेने प्रियकर निवडला, खांडेकरांच्या नायिकेने ध्येयासाठी त्याग केला, पण देवाशी थेट वाद घालणारी मुलगी हा वामन मल्हारांचाच वारसा राहिला. विभावरी शिरूरकरांनी १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' लिहून शिकलेल्या, कमावत्या, अविवाहित मुलीची घुसमट सांगितली तेव्हा मोठं वादळ उठलं. विभावरी म्हणजे बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. त्या हिंगण्याच्याच विद्यार्थिनी. प्रश्न विचारणाऱ्या मुलीला आता स्वतःचं लेखन मिळालं होतं आणि पुरुष लेखकाने तिच्या वतीने बोलण्याची गरज कमी होऊ लागली होती.

वामन मल्हारांच्या जगाची मर्यादाही स्वच्छ सांगायला हवी. त्यांच्या नायिका उच्चवर्णीय, सुस्थित घरांतल्या. देव्हारा घरात आहे, म्हणून त्यातल्या देवाबद्दल शंका घेता येते. ज्यांना देवळाच्या पायरीवरूनच हाकललं जात होतं त्यांचा पहिला प्रश्न वेगळा होता. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या चौदा वर्षांच्या मुलीने १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये निबंध लिहिला. वेद आमचे नाहीत असं तुम्ही म्हणता, मग आमचा धर्म कोणता ते देवानेच सांगावं, असा तिचा सवाल होता. 'सुशीलेचा देव' निघण्याच्या पंचाहत्तर वर्षं आधी एका शाळकरी मुलीने धर्माला विचारलेला हा प्रश्न सुशीलेच्या प्रश्नापेक्षा अधिक मूलभूत होता. तारा­बाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून शास्त्रकारांना जाब विचारला, तोही कॉलेजची पायरी न चढता.

कोल्हापुरात हा प्रश्न थेट राजवाड्यात पोचला होता. १८९९ च्या सुमारास पंचगंगेवरच्या स्नानाच्या वेळी शाहू महाराजांसाठी वेदोक्त मंत्र म्हटले जात नाहीत हे उघड झालं आणि वेदोक्त प्रकरण पेटलं. छत्रपतींनाही मंत्राचा अधिकार नाकारला जात असेल तर इतरांचं काय, हे सगळ्यांना दिसलं. पुढे शाहूंनी सत्यशोधक विचाराला बळ दिलं, १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला आणि पुनर्विवाहाला, आंतरजातीय विवाहाला कायद्याचा आधार दिला. विशेष म्हणजे वामन मल्हारांचे कोल्हापुरातले ज्येष्ठ सहकारी विजापूरकर वेदोक्ताच्या वादात महाराजांच्या विरुद्ध बाजूला होते. एकाच गावात, एकाच दशकात, धर्माच्या नावाने साम्राज्याला आव्हान देणारी माणसं होती आणि धर्मातल्या मक्तेदारीला आव्हान देणारीही होती. दोन्ही लढे एकत्र आले असते तर सुशीलेच्या शेजारी मुक्ताही त्या कादंबरीत बसलेली दिसली असती. तसं झालं नाही, ही त्या पिढीतल्या सुधारकांची मोठी उणीव आहे.

आज परिस्थिती बदलली आहे. एप्रिल २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मंदिरप्रवेशात स्त्रियांशी भेदभाव करता येणार नाही हे बजावलं आणि त्याच महिन्यात कोल्हापुरात अंबाबाईच्या गाभाऱ्यात जाण्यावरून संघर्ष झाला. आत गेलेल्या कार्यकर्तीला धक्काबुक्की सोसावी लागली. गाभाऱ्यात जाण्याचा हक्क हा समतेचा हक्क आहे आणि तो मिळालाच पाहिजे. पण त्याच्या पलीकडे आणखी एक हक्क आहे, त्याला न्यायालयाचा हुकूम पुरत नाही. गाभाऱ्यात जायचं की नाही, तिथल्या देवीला आई म्हणायचं, प्रतीक म्हणायचं की काहीच म्हणायचं नाही, हे मुलीने स्वतः ठरवण्याचा तो हक्क आहे. तो घरात, जेवणाच्या ताटावर, उपासाच्या दिवशी, पाळीच्या चार दिवसांत, लग्न ठरवण्याच्या बैठकीत नाकारला जातो. ज्या शहरात फेब्रुवारी २०१५ मध्ये विचारवंत कॉ. गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यांतच ते गेले, त्या शहराला विचाराची किंमत वेगळी सांगायला नको.

म्हणून श्रद्धावंत आईबापांना एवढंच सांगावंसं वाटतं. मुलीने देवाबद्दल शंका विचारली तर ती घर सोडून चालली आहे असं समजू नका. बहिणाबाई देव सोडून गेल्या नाहीत, सुशीलाही गेली नाही. आणि एखादी मुलगी खरोखरच गेली तरी तिच्याशी बोलणं थांबवू नका. नास्तिक आईबापांनाही तेच लागू आहे. मुलीला वारीला जावंसं वाटलं, तिने नाम घेतलं, तर तिच्या बुद्धीवर संशय घेऊ नका. तपासून ठेवलेली श्रद्धा आणि तपासून सोडलेली श्रद्धा, दोन्ही तिच्याच मालकीच्या आहेत.

आणि एक मागणी कोल्हापूरच्या कॉलेजांकडे, ग्रंथालयांकडे आणि शिवाजी विद्यापीठाकडे आहे. वामन मल्हार २० जुलै १९४३ रोजी गेले. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांची कायद्याची मुदत केव्हाच संपली आहे, त्यांची पुस्तकं छापायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. 'सुशीलेचा देव' आणि 'इंदू काळे व सरला भोळे' यांच्या स्वस्त, सुबक आवृत्त्या काढाव्यात, सोबत मुक्ता साळवे यांचा निबंध आणि बहिणाबाईंचे आत्मचरित्रपर अभंग ठेवावेत, आणि पहिल्या वर्षाच्या मुलामुलींना ही पुस्तकं एकत्र बसून वाचू द्यावीत.